किडनी, पाणी आणि डायलिसिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पेशंट कमी विचारतात, घरचे जास्त. डायलिसिस, म्हणजे किडनीऐवजी मशीनने रक्त साफ करणं, चार तास चालतं. तेवढ्या वेळात बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलाला, सुनेला, बायकोला बरंच काही सुचतं. उरलेलं रात्री व्हॉट्सॲपवर येतं. आणि कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी बहुधा पाण्यापाशी येऊन थांबते. किती प्यायचं, का नाही प्यायचं, प्यायलेलं जातं कुठे. म्हणून इथेही पाण्यापासूनच सुरुवात केली आहे. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

१. किडनी म्हणजे गाळणी, एवढंच ना?

गाळणं हा तिच्या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे गाळलेलं परत घेणं.

प्रत्येक किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे केशवाहिन्यांचा एक बारीक गुंता आणि त्याला जोडलेली लांब नळी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. अंगातलं सगळं पाणी मोजलं तरी ७० किलोच्या माणसात ते ४० लिटरच्या आसपास भरतं; म्हणजे तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळलं जातं. लघवी होते मात्र दीड-दोन लिटर. बाकी ९९ टक्के नळीतून परत रक्तात जातं.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं सगळं सामान अंगणात आणतात आणि त्यातलं हवं तेवढंच पुन्हा वर चढवतात, तशी ही पद्धत. उलटी वाटते, पण फायदा असा की शरीराला कधीही न भेटलेलं एखादं औषध किंवा विष आलं, तरी ते ओळखायची गरज पडत नाही. परत उचललं नाही की ते आपोआप बाहेर.

याखेरीज रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन, ‘ड’ जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप आणि बीपीवर ताबा ठेवणारं रेनिन हेही किडनीच तयार करते. म्हणून किडनीच्या पेशंटचं हिमोग्लोबिन उतरतं आणि हाडं दुखतात.

२. अंगात पाणी कमी झालंय की जास्त, हे किडनीला कळतं कसं?

किडनीला निरोप मेंदूकडून येतो. हायपोथॅलॅमस या भागातल्या काही पेशी रक्त किती दाट झालंय हे सतत चाचपत असतात. एक-दोन टक्क्यांचा फरक पडला तरी त्या दोन गोष्टी करतात: तहान लावतात आणि पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच हे हार्मोन सोडतात. त्यालाच व्हॅसोप्रेसिन म्हणतात. ते किडनीच्या शेवटच्या नळ्यांपाशी पोचलं की तिथल्या पेशी आपल्या भिंतीत पाण्याच्या बारीक खिडक्या बसवतात. या खिडक्या म्हणजे ॲक्वापोरिन. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खिडक्या बसल्या की पाणी आत ओढलं जातं, लघवी घट्ट पिवळी होते. एडीएच उतरलं की खिडक्या काढून घेतल्या जातात आणि लघवी पाण्यासारखी होते. दारू एडीएच दाबते, म्हणून पिणाऱ्याला सारखं उठावं लागतं आणि सकाळी घसा कोरडा पडतो.

हा झाला दाट-पातळपणाचा हिशेब. दुसरा हिशेब एकूण साठ्याचा, आणि तो मिठावर चालतो. रक्ताचा दाब कमी पडला की किडनी रेनिन सोडते, त्यातून पुढे अल्डोस्टेरॉन वाढतं आणि किडनी मीठ धरून ठेवते. मीठ थांबलं की पाणी त्याच्यामागे थांबतं. हे दोन हिशेब वेगळे आहेत एवढं लक्षात ठेवलं तर पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

३. रोज चार लिटर पाणी प्यायल्याने किडनी साफ राहते असा व्हिडिओ आलाय. खरं आहे का?

नाही. निरोगी माणसाने तहानेप्रमाणे प्यावं, लघवी फिकट पिवळी असावी, बस. किडनी पाण्याने विसळून निघायला ती काही बाटली नाही.

दिवसभराचा कचरा बाहेर टाकायला किडनीला कमीत कमी अर्धा लिटर लघवी लागते, तीही लघवी जास्तीत जास्त घट्ट करता येत असेल तर. वरची मर्यादा म्हणाल तर धडधाकट किडनी तासाला पाऊण ते एक लिटरपर्यंत जादा पाणी फेकू शकते. त्याहून वेगाने पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते, फिट येऊ शकते. मॅरेथॉनमध्ये प्रत्येक स्टॉलवर ग्लास रिचवणाऱ्यांना हे झालेलं आहे.

उन्हात राबणाऱ्याला अर्थातच जास्त लागतं. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी दिवसाला दोन-अडीच लिटर *लघवी* होईल इतकं प्यावं. या दोघांसाठी सांगितलेला नियम किडनीच्या पेशंटने उचलू नये. त्यासाठी प्रश्न ६ आणि १२ पाहा.

४. बाबांना लघवी भरपूर होते. मग किडनी फेल कशी म्हणता?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि राग समजण्यासारखा आहे. पण लघवी किती झाली आणि तिच्यातून काय बाहेर पडलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किडनी बिघडायला लागली की बऱ्याचदा सगळ्यात आधी जाते ती लघवी घट्ट करण्याची ताकद. चांगली किडनी रात्री थोड्या पाण्यात खूप कचरा भरते, म्हणून आपण सलग झोपतो. बिघडलेली किडनी तेवढाच कचरा टाकायला जास्त पाणी घालवते. म्हणून पेशंट रात्री तीन-चारदा उठतो आणि घरच्यांना वाटतं, लघवी तर छान साफ होतेय. लघवी खरोखर कमी होणं हा बहुतेकांच्या बाबतीत फार उशिराचा टप्पा असतो. (रात्री उठण्याचं कारण शुगर किंवा वाढलेलं प्रोस्टेटही असू शकतं, तपासल्याशिवाय कळत नाही.)

५. आईचे पाय सुजतात, सकाळी डोळ्यांखाली फुगतं. पाणी कमी करू का?

आधी मीठ कमी करा. सलाइनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. शरीरातलं पेशींबाहेरचं पाणीही साधारण तितकंच खारट. त्यामुळे जे ९ ग्रॅम मीठ किडनी बाहेर टाकू शकली नाही, ते जवळपास एक लिटर पाणी अंगात अडकवून ठेवतं. तेवढं पाणी तहान लावून मीठच मागून घेतं. मीठ तसंच ठेवून पाणी तोडणं म्हणजे माणसाला नुसतं छळणं.

दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांसाठीच सांगितलेली मर्यादा आहे. आपल्या जेवणात ती कुठे ओलांडली जाते? पानाच्या डाव्या बाजूला बघा: लोणचं, पापड, कुरडई, चटणी. मग चार वाजताचं फरसाण आणि बेकरीची खारी. कोकणात सुकट आणि सुके बोंबील. भाजीतलं मीठ कमी करून लोणच्याची फोड दोनदा घेणारे आम्ही रोज बघतो.

सूज हृदयामुळे, लिव्हरमुळे, लघवीतून प्रोटीन गेल्यामुळे किंवा बीपीच्या अम्लोडिपिनसारख्या गोळीमुळेही येते. आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागत असेल, तर फुप्फुसात पाणी साठत असल्याची शंका घ्या. सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

६. क्रिएटिनिन वाढलंय. जास्त पाणी पिऊन खाली येईल का?

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. जुलाब, उलट्या किंवा उन्हामुळे अंगातलं पाणी आटून ते वाढलं असेल तर येईल. जुना किडनीचा आजार असेल तर नाही. कॅनडात अशा पेशंटांवर चाचणी झाली, २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. एका गटाला वर्षभर जास्त पाणी प्यायला लावलं, दुसऱ्याला नेहमीसारखं. किडनीची घसरण दोन्ही गटांत सारखीच राहिली.

घसरण खरोखर मंदावते ती बीपी आणि शुगर ताब्यात ठेवल्याने, लघवीतलं प्रोटीन कमी करणाऱ्या गोळ्यांनी (रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या) आणि अलीकडे डॅपाग्लिफ्लोझिनच्या कुटुंबातल्या औषधांनी. आणि गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या बंद केल्याने.

७. क्रिएटिनिन १.४ आलंय. थोडंच वाढलंय ना?

कोणाचं, त्यावर आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. तालमीत जाणाऱ्या पंचविशीच्या मुलाला १.४ कदाचित नॉर्मल असेल. ४० किलो वजनाच्या ७५ वर्षांच्या आजींना तेच १.४ म्हणजे निम्म्याहून जास्त किडनी गेलेली. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर बघा, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज. ९० च्या वर चांगलं, ६० च्या खाली तीन महिने राहिलं तर जुना आजार, १५ च्या खाली पाचवा, म्हणजे शेवटचा टप्पा. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी हवी. ती स्वस्त आहे आणि क्रिएटिनिन हलण्याच्या बरीच आधी धोका दाखवते. मधुमेह्यांनी वर्षातून एकदा करावी.

८. शेजाऱ्यांचं डायलिसिस पंधरा दिवसांत सुटलं. आमचं का सुटत नाही?

कारण आजार वेगळा आहे. अचानक बंद पडलेली किडनी पुष्कळदा परत चालू होते. आपल्याकडे याची नेहमीची कारणं: घोणस चावणं, पावसाळ्यातला लेप्टो, मलेरिया, गॅस्ट्रोत अंगातलं पाणी संपणं, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. यात डायलिसिस म्हणजे किडनी सावरेपर्यंत दिलेला टेकू. सावरताना काही दिवस लघवी धो-धो होते, कारण गाळणं सुरू झालेलं असतं आणि परत घेणारी नळी अजून दुरुस्त व्हायची असते.

मधुमेह, बीपी, नेफ्रायटिस (किडनीची सूज) यांनी वर्षानुवर्षं झिजलेल्या किडनीत नेफ्रॉनच्या जागी व्रण उरतो. सोनोग्राफीत ती बऱ्याचदा लहान झालेली दिसते. ती परत येत नाही.

“एकदा डायलिसिस केलं की सवय लागते” हा समज यातूनच आला. सवय डायलिसिसची लागत नाही. ज्यांची किडनी कायमची गेली होती त्यांना ते लागतच राहिलं, एवढंच.

९. डायलिसिस किती दिवस लांबवता येतं?

तब्येत परवानगी देईल तितके. नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावरून कोणी घाई करत असेल तर दुसऱ्या किडनीतज्ज्ञाचं मत घ्यायला हरकत नाही. लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. बहुतेकांना ईजीएफआर ५ ते १० च्या दरम्यान लागतं. पण गोळ्यांना न जुमानणारं फुप्फुसातलं पाणी, वाढलेलं पोटॅशियम, सततची मळमळ-उलटी, भ्रम, हृदयाच्या आवरणाला सूज यांपैकी काही आलं की लांबवू नये.

लांबवायचं ते डायलिसिस. तयारी लांबवायची नाही. फिस्टुला, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया, दीड-दोन महिने आधी करावी लागते, तेव्हा कुठे ती शीर सुई झेलण्याइतकी जाड होते. तयारी नसलेला पेशंट शेवटी रात्री कॅज्युअल्टीत येतो आणि मानेत नळी घालावी लागते. फिस्टुलाच्या हातावर बीपी मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका, त्या हाताने पाण्याच्या कळश्या उचलू नका. रोज बोट ठेवून घरघर लागतेय ना बघा. थांबली तर त्याच दिवशी या.

१०. मशीन अंगातलं पाणी काढतं कसं?

रक्त डायलायझरमधून फिरतं. त्यात केसांसारख्या हजारो पोकळ नळ्या असतात. आत रक्त, बाहेर उलट्या दिशेने वाहणारं डायलिसिसचं पाणी. युरिया, पोटॅशियम जास्तीकडून कमीकडे आपोआप झिरपतात. पाण्याचं तसं नाही. ते काढायला बाहेरच्या बाजूने ओढ द्यावी लागते. किती ओढायचं हे टेक्निशियन सुरुवातीला भरतो: आज अडीच लिटर, चार तासांत.

कचरा काढणं आणि पाणी काढणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे यंत्राच्या इतिहासातही दिसतं. नेदरलँड्समधल्या कांपेन गावात विलेम कॉल्फ यांनी १९४३ साली, नाझींच्या ताब्यात देश असताना, सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या पिंपावर गुंडाळून पहिलं चालणारं यंत्र बनवलं. आधीचे बहुतेक पेशंट दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. त्या यंत्राला कचरा काढता यायचा, पाणी मापात काढणं जमत नव्हतं. ती सोय पुढे स्वीडनच्या निल्स अल्वाल यांनी केली: पडदा बंद भांड्यात ठेवून दाबाचा फरक निर्माण केला.

आणखी एक हिशेब लोकांना चकित करतो. डायलिसिसचं पाणी मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर वाहतं. चार तासांचे १२० लिटर, तेही आरओचं, आणि आरओमध्ये वाया जातं ते वेगळं. दुष्काळी तालुक्यात केंद्र चालवणाऱ्याला उन्हाळ्यात मशीनपेक्षा टँकरची काळजी जास्त असते.

११. ‘ड्राय वेट’ म्हणजे काय? आणि शेवटच्या तासात पायात गोळे का येतात?

अंगावर सूज नाही, दम नाही, बीपी ठीक आहे आणि जादा पाणी नाही, अशा वेळचं वजन म्हणजे ड्राय वेट. दोन डायलिसिसच्या मधे दोन-तीन दिवसांत माणूस दोन किलोने वाढला तर ती चरबी नसते, दोन लिटर पाणी असतं.

मशीन ओढतं रक्तातून. सुजेतलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. ओढण्याचा वेग त्याहून जास्त झाला की बीपी कोसळतं, गोळे येतात, जांभया येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तासाला वजनाच्या किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त ओढू नये असा संकेत आहे. ६० किलोच्या माणसाला चार तासांत हे होतं सुमारे ३.१ लिटर. तो चार किलो वाढवून आला तर एकतर वेळ वाढवावा लागतो, नाहीतर पाणी अंगात ठेवून घरी पाठवावं लागतं. “साहेब, आज सगळं काढा” म्हणणाऱ्याला नाही म्हणावं लागतं ते याचसाठी. असा जोर हृदयाला महाग पडतो.

ड्राय वेट कायमचं नसतं. भूक सुधारून खरोखर वजन वाढलं किंवा आजारपणात माणूस खंगला, तर नव्याने ठरवावं लागतं. खंगलेल्या माणसाचं जुनं ड्राय वेट तसंच ठेवलं तर सुकलेल्या अंगात पाणी साठत जातं आणि काटा मात्र बरोबर दिसतो.

१२. डायलिसिसवर असताना दिवसाला किती प्यायचं? चहा धरायचा का?

ढोबळ हिशेब: आदल्या २४ तासांत जितकी लघवी झाली, तितकं अधिक ५०० मिलिलिटर. लघवी अजिबात नसेल तर अर्धा-पाऊण लिटरच. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते.

चहा धरायचा. ताक, दूध, आमटी, सार, कढी, सरबत, आइस्क्रीम, गोळ्यांबरोबरचे घोटही धरायचे. पेज आणि खीर बहुतेक पाणीच. कलिंगड, संत्रं, काकडी यांत पाणी असतंच. सकाळी एका बाटलीत दिवसाचा कोटा भरून ठेवा. अर्धा कप चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका. संध्याकाळी बाटलीच भांडण मिटवते.

लघवी चालू असलेल्या पेशंटला मोठी सवलत मिळते, म्हणून उरलेली लघवी जपायची. त्यासाठी पुन्हा वेदनाशामक गोळ्या टाळायच्या.

१३. तहान सहनच होत नाही. काय करू?

तहानेचं मूळ बहुतेकदा मिठात असतं, प्रश्न ५ वाचा. मधुमेह असेल तर शुगर तपासा. २५०-३०० शुगर असताना कोणीही तहान आवरू शकत नाही. बाकी जुनेच उपाय: चूळ भरून टाकणं, बर्फाचा छोटा खडा (तोही मोजायचा), वेलदोडा किंवा लवंग तोंडात धरणं, लहान फुलपात्र वापरणं. तांब्या समोर ठेवू नका. आणि घरच्यांनी पेशंटसमोर उसाचा रस पिऊ नये. हे वैद्यकीय उत्तर नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

१४. सैंधव मीठ चालेल का? आणि ते ‘लो सोडियम’ मीठ?

सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. उपवासाला चालतं म्हणून किडनीला चालतं असं नाही. लो सोडियम मीठ तर जास्त धोक्याचं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. कमकुवत किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, आणि ते वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं. चवीसाठी लिंबू, चिंच, आमसूल, जिरं, लसूण वापरा, बेताने.

१५. एकादशीला उपवास करू का? फळं, नारळपाणी तर हलकं असतं.

उपवासाचं ताट पोटॅशियमच्या दृष्टीने भरगच्च असतं: बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळं, वर शहाळं. निरोगी माणसाला उत्तम. डायलिसिसच्या पेशंटला आषाढीच्या दुसऱ्या दिवशी पाय गळून, नाडी मंद होऊन आणलेलं पाहिलं आहे. सफरचंद, पेरू, पपई, अननस यांची छोटी फोड चालते. बटाटा खायचाच तर सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. वारकरी आजोबांना आम्ही सांगतो, उपवास सोडा, हरिपाठ सोडू नका.

करमळ, म्हणजेच कमरख किंवा स्टार फ्रूट, मात्र एक फोडसुद्धा नको. कोकण-गोव्यात ते परसात असतं, लोणच्यातही घालतात. त्यातलं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य बिघडलेल्या किडनीतून बाहेर पडत नाही. आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, मग फिट. डायलिसिस सुरू नसलेल्या, नुसतं क्रिएटिनिन वाढलेल्या माणसालाही हे होतं.

१६. खर्च झेपत नाही. आठवड्यातून तीनऐवजी दोनदा केलं तर?

चांगली किडनी आठवड्याचे १६८ तास चालते. तीनदा डायलिसिस म्हणजे १२ तास. दोनदा म्हणजे ८. ज्यांची स्वतःची लघवी बऱ्यापैकी आहे त्यांचं काही काळ दोनदावर भागतं. लघवी गेली की भागत नाही; सुट्टीच्या लांब खंडात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही चढतात आणि मृत्यूही त्याच काळात जास्त होतात.

पैशासाठी तोडण्याआधी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटसाठी मोफत सोय आहे. जागेसाठी थांबावं लागतं, म्हणून नाव आधी घाला.

१७. पोटाचं डायलिसिस कसं असतं? गावात वीज जाते, तिथे चालेल?

चालेल. हातानेच करायचं असल्यामुळे विजेची गरज नाही. पोटाच्या आतलं अस्तर हाच पडदा. नळीतून साधारण दोन लिटर द्रावण आत सोडायचं, काही तास ठेवायचं, काढायचं. दिवसाला तीन-चार वेळा. त्यात साखर असते आणि साखरच पाणी ओढून घेते, त्यामुळे सूज जास्त असेल तर जास्त साखरेची पिशवी लावतात. रोज थोडं थोडं पाणी निघत असल्याने पिण्यावरचं बंधन सैल असतं आणि आठवड्याला तीनदा तालुक्याचा फेरा वाचतो. मधुमेह्यांची शुगर मात्र चढते.

धोका जंतुसंसर्गाचा. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला तर ती पिशवी घेऊनच दवाखान्यात या. हात धुण्यात हयगय करणाऱ्या घरात ही पद्धत टिकत नाही. आपल्याकडे ती फार कमी वापरली जाते. माझ्या मते दुर्गम भागात तिचा विचार आधी व्हायला हवा.

१८. आईला पाणी कमी सांगितलंय, आणि आता जुलाब लागलेत. अजूनही कमीच द्यायचं?

नाही. बंधन अंगात साठणाऱ्या पाण्यासाठी असतं. इथे पाणी बाहेर चाललंय. जितकं जातंय साधारण तितकं भरून द्या आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. लघवीची गोळी, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन यांतलं काय थांबवायचं ते त्याच फोनवर विचारा, कारण सुकलेल्या अंगावर या गोळ्या किडनीला आणखी दाबतात. ओआरएसमध्ये पोटॅशियम असतं, म्हणून डायलिसिसच्या पेशंटला विचारल्याशिवाय पाकीटभर देऊ नका.

१९. किडनी कोण देऊ शकतं? सून सासूला देऊ शकते का?

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक ठरवून दिले आहेत: आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, नवरा-बायको, २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. सून, जावई, मेहुणा, काका, मामा त्यात नाहीत. ते देऊ शकतात, पण मान्यता समितीपुढे जावं लागतं आणि पैशाचा व्यवहार नाही हे पटवावं लागतं. महाराष्ट्र आणि गोवा हा कायदा लागू झालेल्या पहिल्या राज्यांत होते.

रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या अशाच जोडीशी अदलाबदल कायद्याने करता येते. घरात कोणीच नसेल तर मेंदू मृत झालेल्या दात्यासाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव घाला. नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत होते.

२०. देणाऱ्याचं पुढे काय होतं?

नीट तपासून निवडलेल्या दात्याचं आयुष्य नेहमीसारखं जातं. उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि पूर्वीच्या दोघींच्या साधारण ७० टक्के काम उचलते. शेतीची कामं, बाळंतपण, सगळं होतं. वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन, लघवी तपासायची. पुढे किडनी बिघडण्याचा धोका किंचित वाढतो, शून्य राहत नाही. हे शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवं.

आमचं एक निरीक्षण. देणाऱ्यांत आई, बायको, बहीण, घेणाऱ्यांत बाप्ये. देशभर चित्र असंच आहे. बायको पेशंट असते तेव्हा “बघू, यादीत नाव घालू” हे वाक्य जास्त ऐकू येतं.

२१. प्रत्यारोपणात जुन्या किडन्या काढतात का?

सहसा नाही. नवी ओटीपोटात, मांडीच्या वरच्या बाजूला बसवतात. सोनोग्राफीवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो जुन्या दोन शोधत बसतो.

२२. आजोबा ८२ वर्षांचे आहेत, डायलिसिस नको म्हणतात. ऐकायचं का?

पूर्ण शुद्धीत, समजून म्हणत असतील तर ऐकायचं. हृदयाचा आजार, स्मृतिभ्रंश, अंथरुणाला खिळलेलं शरीर अशा वेळी डायलिसिसने वाढलेले दिवस बरेचदा दवाखान्यातच जातात. डायलिसिस न करणं म्हणजे उपचार न करणं नव्हे: सूज, दम, खाज, मळमळ, वेदना यांवर औषधं चालू ठेवता येतात. एखाददुसरा महिना करून पाहून थांबवणंही चालतं. कोणत्या मुलाला काय वाटतं यावरून भांडण होण्याआधी आजोबांना सगळ्यांसमोर बोलू द्या.

२३. दिवसाला सहा-सात लिटर लघवी होते, शुगर नॉर्मल आहे. हे काय?

डायबिटीस इन्सिपिडस असू शकतो. साखरेच्या मधुमेहाशी त्याचा संबंध नावापुरताच. एकतर एडीएच तयार होत नाही (डोक्याला मार, पिट्युटरीची शस्त्रक्रिया) किंवा किडनी त्याचं ऐकत नाही (बऱ्याच वर्षांचं लिथियम, वाढलेलं कॅल्शियम). प्रश्न २ मधल्या खिडक्या बसतच नाहीत असं समजा. नावामुळे घोटाळे होत, म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांनी ते बदलायचं ठरवलं. आता व्हॅसोप्रेसिनची कमतरता किंवा त्याला न जुमानणं असं म्हणतात. अशा माणसाचं पाणी घरच्या घरी तोडून बघू नका, काही तासांत सोडियम धोक्यापर्यंत चढतं. ती चाचणी रुग्णालयातच करतात.

२४. प्रत्यारोपण होऊन तीन आठवडे झाले. डॉक्टर तीन लिटर प्या म्हणतात. भीती वाटते.

सगळ्यांनाच वाटते. चार वर्षं बाटलीवर रेघा मारून प्यायलेल्या माणसाचा हात तांब्याकडे जाताना थबकतो. पण नव्या किडनीला सुरुवातीला पाणी कमी पडलेलं सोसत नाही, आणि शरीराने ती नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमससारखी औषधं तिच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे सुकलेल्या अंगात क्रिएटिनिन लगेच वर जातं. सांगितलंय तेवढं प्या, दिवसभर विभागून. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करा आणि वहीत लिहा. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढ, लघवी घटणं, ताप किंवा नव्या किडनीवर दुखणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन. गोळ्यांची वेळ चुकवू नका. मीठ मात्र अजूनही बेतानेच.